गोठ्यातली गाडी: वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी किंवा ॲम्बेसिडर घेताना काय बघावं

"गाडी चालू शे भाऊ, फक्त बॅटरी उतरेल शे." खान्देशात उभी गाडी विकणारा हे वाक्य म्हणतोच. बारा वर्षं गाडी जागची हललेली नसते, चाकांत हवा नसते, बॉनेटवर सरकीची पोती असतात, आणि दोष मात्र एकट्या बॅटरीचा. तो खोटं बोलतो असं नाही. गाडी लावली त्या दिवशी ती चालूच होती, त्याला तेवढंच आठवतं. उभं राहून गाडीचं काय होतं ते आपण बघायचं.

जायच्या आधी फोनवर दोन गोष्टी करा. एक, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका" असं बजावून सांगा. आपण येणार म्हणून मालक उत्साहाने ट्रॅक्टर लावून गाडी ओढतो आणि अडकलेलं इंजिन जबरदस्तीने फिरवतो. मग पिस्टनच्या रिंगा तुटतात किंवा व्हॉल्व्ह वाकतो, आणि किंमत मात्र तीच राहते. दोन, विचारा की गाडी थांबली का. "नाना गेले, मग कुणी चालवलीच नाही" हे उत्तर चांगलं. "गरम व्हायची म्हणून लावून ठेवली" असं असेल तर हेड गॅस्केटपासून (इंजिनच्या हेडखालची सीलची पट्टी) पुढचा सगळा खर्च धरूनच घरातून निघा.

पहिले कागद

पत्रा जोडता येतो, इंजिन बांधता येतं. कागद नसले तर गाडी अंगणातलं शोपीस होते. म्हणून टॉर्च काढायच्या आधी आरसी बुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, मागा.

आरसीवर नाव कोणाचं आहे? आपल्याकडे बहुतेक वेळा ते वारलेल्या वडिलांचं किंवा आजोबांचं असतं. अशा वेळी वारसाच्या नावावर गाडी होण्यासाठी फॉर्म 31 लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. तीन भावांपैकी धाकटा सुरतेला असतो आणि त्याला गाडी विकायची नसते, हे सौदा ठरल्यावर कळतं. आधीच विचारा. नाव हयात माणसाचं असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म 28.

मग बोजा. आरसीवर जुन्या बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव चढलेलं असेल, तर कर्ज केव्हाच फिटलं असलं तरी फॉर्म 35 आणि ना-हरकत पत्र लागतंच. ती पतसंस्था अवसायनात निघालेली असेल तर सही कोणाची घ्यायची, यात सहा महिने जातात. हे काम मालकानेच करून द्यावं. सौदा तोवर थांबवा.

1 जुलै 1989 पासून आपल्याकडे एमएच मालिका सुरू झाली: जळगाव 19, धुळे 18, आणि पुढे नंदुरबारला 39. त्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरी जुने नंबर असतात, आणि त्यांची हाताने लिहिलेली आरसी संगणकावर चढलेली असेलच असं नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. नोंद सापडली नाही, तर ज्या आरटीओची गाडी आहे तिथे बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून थेट 5,000 रुपये झाली आणि नंतरही वाढली. शिवाय उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. हा आकडा आरटीओतून काढूनच किमतीची बोलणी करा. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली असतील तर 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण मग ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, आणि ती मूळ रूपात असावी लागते.

मूळ रूप कसं ओळखायचं? चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. आरटीओत करतात तसं करा: नंबरवरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, वर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासायची. आकडे उमटतात, आणि कानसने घासून पुन्हा ठोकलेला आकडा लगेच वेगळा दिसतो. पेट्रोलच्या गाडीत दुसऱ्याच कुठल्या गाडीचं डिझेल इंजिन बसवायची एके काळी लाटच होती. तशी गाडी वाईट नसते, पण बदल आरसीवर चढवलेला हवा. पद्मिनी असेल तर दाराचा रबर उचलून खालचा मूळ रंग बघा. टपाखाली पिवळा आणि दारात काळा निघाला तर गाडी मुंबईची टॅक्सी होती. तिने किती लाख किलोमीटर खाल्ले असतील याचा अंदाज मीटरवरून बांधू नका.

गाडी कुठे उभी होती

खान्देशची हवा पत्र्याला चांगली. कोकणात, मुंबईत खारी हवा गाडी खाते, तसं इथे होत नाही. भुसावळ-जळगावचं 45 अंशांचं ऊन मात्र रबर, डॅशबोर्ड, वायरींची आवरणं आणि सीटचा फोम मारून टाकतं. म्हणून इकडची गाडी वरून ठणठणीत दिसते आणि काचेच्या रबराला बोट लावलं की त्याचा भुगा हातात येतो.

त्यातही गाडीखाली काय होतं हे जास्त महत्त्वाचं. फरशीवर उभी असेल तर नशीब. काळ्या मातीवर उभी असेल, तर पावसाळ्यात ती माती ओल धरून ठेवते आणि पत्रा खालून सडतो. गोठ्यात असेल तर गोमूत्राची वाफ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खताची गोणी शेजारी, किंवा थेट डिकीत. युरिया हवेतली ओल ओढून घेतो आणि त्याचं पाणी पत्र्यावर बसलं की लोखंड फार लवकर जातं. मी तरी डिकीचं मॅट उचलून पांढरे दाणे दिसले की तिथेच किंमत निम्मी करतो.

माझी पहिली पद्मिनी मी रंगावर भाळून घेतली होती. घरी आणून जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यातून वर आला. आत लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला. तेव्हापासून खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक असतं. दाराखालचा पट्टा, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेखालची पट्टी, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीची ट्रे, जॅक लावायची जागा इथे ते फिरवा. चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मॅट काढून पायाखालचा तळ स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टण्ण आवाज हवा. भद आवाज आला तर टोकाने दाबून बघा, मालकाला विचारूनच. पद्मिनी आणि ॲम्बेसिडरला वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार पेलते. तळ सडलेला असेल तर तो नुसता पत्रा राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो.

इंजिन हाताने फिरवा

बॉनेट उघडा, पण हात घालायच्या आधी काठीने ढोसा. उभ्या गाडीत साप, विंचू, गांधीलमाशी काहीही निघतं. उंदीर तर असतातच. कापसाच्या गावात ते एअर क्लीनरमध्ये कापसाची मऊ गादी करतात आणि वायरींची आवरणं कुरतडून ठेवतात. कार्बोरेटरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का तेही बघा.

मग डिपस्टिक. तेल काळं असेल तर चालेल. ताकासारखं पांढुरकं असेल तर त्यात पाणी गेलंय. रेडिएटरचं झाकण काढा: आत तेलाची साय नको, आणि नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर किती बसलाय ते बघा. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतलं की रेडिएटर चहाच्या पातेल्यासारखा क्षाराने भरतो. इंजिनच्या कुशीला असतात ते गोल कोअर प्लग गंजून पाझरतात का, तेही टॉर्च मारून पाहा.

आता मुख्य काम. चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा, आमचे मिस्त्री इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं घेतात. प्लगची भोकं फडक्याने झाका आणि रात्रभर राहू द्या. हो, म्हणजे दोन खेपा होतात. एका खेपेत गाडी घ्यायचा सल्ला मी तरी देत नाही.

दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रल आहे याची खात्री करा. गिअर बहुतेक पद्मिनींना स्टिअरिंगलाच असतो आणि लिंकेज झिजलेलं असलं तर दांडी फसवते. पुढून इंजिन फिरवायचं हॅण्डल घाला. धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ वळवून धरू नका. इंजिनने उलटा फटका दिला तर मनगट वाचतं. हळूहळू खालून वर ओढा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. प्लग काढलेलेच ठेवून थोडं फिरवा म्हणजे जास्तीचं तेल उडून जाईल, तेव्हा तोंड लांब ठेवा. मग प्लग लावून पुन्हा फिरवा: दोन पूर्ण फेऱ्यांत चार वेळा सारखा जोर लागला पाहिजे. एखाद्या ठिकाणी हात सैल गेला, तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा रिंग गेलीय.

अजिबात हललं नाही तर लांब पाइप लावून जोर करू नका. पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. तरी नाही, तर इंजिन खोलायचा खर्च किमतीतून वजा.

चालू करायची असेल तर

टाकीतलं जुनं पेट्रोल वापरूच नका. झाकण उघडून वास घ्या. वॉर्निशसारखा आंबूस वास आला तर टाकी, पाइप, कार्बोरेटर सगळं साफ करावं लागणार. इंजिन फिरवायला ताज्या पेट्रोलची बाटली टांगून तिची नळी थेट इंजिनवरच्या पेट्रोल-पंपाला जोडतात. पेट्रोल पेटलं तर म्हणून शेजारी वाळूची बादली ठेवा, विसरू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. पंपाचा पडदा आणि नळ्या बदलायच्या यादीत आधीच लिहा.

बॅटरी स्वतःची न्या. आधी प्लग काढून सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझू द्या, मग प्लग लावा. सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर पहिली पाच मिनिटं माफ, त्यानंतरही येत राहिला आणि पाणी कमी होऊ लागलं तर हेड गॅस्केट. क्लच दाबूनही गिअर कडकडत असेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय, उभ्या गाडीत हे नेहमीचं.

ब्रेकचं मात्र काहीच तपासायचं नाही, सगळंच बदलायचं असं समजा. ब्रेक ऑइल ओल शोषतं, त्याने आतून सिलिंडर गंजतात. पेडल पायाखाली हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडर गेला. हॅण्डब्रेक लावून ठेवलेला असेल तर मागची चाकं जाम असणार.

टायर बघा: काठावरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 2311 म्हणजे 2011 चा 23 वा आठवडा. नक्षी नवी असली तरी ते टायर रस्त्यावर नको.

पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा, खडखडलं तर किंगपिन (चाक वळतं ती खीळ) किंवा बेअरिंग झिजलंय. मागचे कमानपाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले असले तर घाबरू नका. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात भेटतात, ट्रकांच्या जिवावर तिथे कमान, रेडिएटर, टर्नर सगळं मिळतं. अवघड मिळतात त्या बारीक गोष्टी: काचांची रबरं, दाराची हॅण्डलं, ग्रिल, मूळ मीटर. त्यासाठी कुर्ल्याच्या भंगारात किंवा ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांकडे चकरा माराव्या लागतात. म्हणून ही बारीकसारीक पूर्ण असलेली बंद गाडी मी, इंजिन चालू पण ग्रिल-मीटर गायब असलेल्या गाडीच्या आधी घेईन.

सौदा झाला तरी गाडी चालवत आणू नका. नोंदणी संपलेली, विमा नाही, ब्रेक नाहीत. सपाट ट्रकवर चढवून आणा. आणि निघायच्या आधी गोठ्याचे कोनाडे, माळा, पेटी नीट धुंडाळा. तिथे दुसरी किल्ली, व्हीलकॅप, कधी मूळ पान्यांचा संच सापडतो. इंजिन फिरवायचं हॅण्डल तर मागूनच घ्या. ते बहुतेक वेळा दाराचा अडसर म्हणून वापरात असतं.