नवसाचा मलिदा: घरी करायचा तर

आमच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरांत नवस फेडायचा, लग्न ठरलं किंवा मूल झालं की एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, मलिदा होतो: गोड पोह्यांचं ताट आणि प्रार्थना. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

पोहे जाडे घ्या. पातळ पोहे चिखल होतात. चाळणीत दोनदा पाणी घालून लगेच निथळा, भिजत ठेवू नका. दहा मिनिटांनी एक दाणा बोटांत दाबा: मऊ लागला, पण मोडला नाही, तर जमलं. अर्धा किलो पोह्यांना एक मोठा ओला नारळ. खवताना करवंटीची काळी साल येऊ देऊ नका, माझी आजी त्यावर फार जपायची. मग साखर, वेलची, बदाम, पिस्ते, मनुका. हातानेच, वरून खाली हलकं मिसळा.

ताटात मध्ये पोह्यांचा ढीग, भोवती पाच फळं. खजूर आणि केळं हवंच: खजुराची बराखा (खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद) झाडाच्या फळाची, केळ्याची जमिनीच्या फळाची, म्हणून दोन्ही लागतात. वर सब्जाची डहाळी ठेवा, तिच्या वासाचीही बराखा म्हणतात.

गावात आता माणसं कमी, बरीच इस्रायलला गेली. प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर आठवडाभर आधी फोन करा. मुलांना मात्र समोरच बसवा, 'एलियाहू हन्नाबी' हे गाणं त्यांनीच मोठ्याने म्हणावं. पहिला वाटा त्यांच्या ओंजळीत द्या, मग शेजारच्या घरी ताट पाठवा.