पोरगा मरीनमध्ये जायचं म्हणतोय

गेल्या वर्षी गणपतीत, मंडळाच्या महाप्रसादाच्या रांगेत एका काकांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "आमचा पोरगा मरीनमध्ये जायचं म्हणतोय. तू होतास ना? त्याला जरा समजाव." मरीन म्हणजे मरीन कोअर, अमेरिकेच्या फौजेतलं एक दल. काय समजवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पोरगा शाळेतून दोनदा सस्पेंड झालेला, घरात कुणाशी बोलत नाही, एवढं मात्र सांगितलं. मी म्हटलं, "काका, त्याच्या वयात मी पण असाच होतो." हे ऐकून त्यांच्या हातातली मसालेभाताची प्लेट कलंडायचीच बाकी राहिली. रांगेत उभ्या उभ्या सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझा जन्म कराडचा. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० साठी कॉम्प्युटर दुरुस्त करण्याच्या लाटेत १९९९ मध्ये बाबा न्यू जर्सीला आले आणि पाठोपाठ आम्ही. मी दहा वर्षांचा होतो. बाबा कन्सल्टंट, म्हणजे सोमवारी पहाटेच्या विमानाने क्लायंटकडे आणि गुरुवारी रात्री घरी. आई एच-फोरवर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, एम.एस्सी. झालेली बाई, पण तेव्हा त्या व्हिसावर नोकरीची परवानगीच नव्हती. ती ओक ट्री रोडवरून भाजी आणायची आणि खिडकीत बसायची. कराडला आजोबांबरोबर उसाला पाणी पाजायला जाणारा, दारं धरणारा पोरगा मी, इथे शाळेत माझं नावसुद्धा कुणाला उच्चारता यायचं नाही. त्यातून मी बिघडलो असं मी म्हणणार नाही. माझ्यासारख्याच घरांतली चाळीस पोरं नीट शिकली. मला मारामारीत मजा येत होती, एवढंच खरं.

सोळाव्या वर्षी गांजा सुरू झाला. सतराव्या वर्षी एका मित्राच्या मामाची गाडी न विचारता काढली आणि उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर घातली. बाल न्यायालय, साठ तासांची समाजसेवा, आणि बाबांचं ते न बोलणं. सगळ्यात वाईट ते न बोलणंच.

आता काकांसारख्यांच्या मनातला पहिला गैरसमज. न्यायाधीश म्हणतात, "तुरुंग की फौज, निवड," आणि पोरगा फौजेत जातो, हे सिनेमात. माझ्या खेपेला मरीन कोअरच्या नियमांत स्पष्ट होतं की खटला टाळण्याची अट म्हणून आलेल्या पोराला घ्यायचं नाही. आधी प्रकरण संपवायचं, शिक्षा भोगायची, मग अर्ज. जुनं प्रकरण असेल तर वेव्हर, म्हणजे सूट मागावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही.

इथेच माझी पहिली परीक्षा झाली. आमच्या भागातल्या रिक्रूटरने, म्हणजे भरती करणाऱ्या माणसाने, फॉर्म पुढे सरकवला आणि हळूच म्हणाला, "ते रेकॉर्ड सील झालंय. आणि गांजा? एकदाच ट्राय केला होतास, हो ना?" डोळे माझ्याकडे, पेन माझ्या हातात. सगळेच रिक्रूटर असे नसतात, पण माझा होता. मी लहानपणापासून सराईत खोटारडा, तरी त्या दिवशी का कोण जाणे, सगळं खरं लिहिलं. वेव्हरला अडीच महिने लागले. पुढे माझ्याच प्लाटूनमधल्या एकाचं लपवलेलं प्रकरण बाहेर आलं आणि त्याला घरी पाठवलं. बाल न्यायालयाचं सील केलेलं प्रकरणसुद्धा तिथे सांगावं लागतं. लपवलं तर ती खोटी भरती, आणि लष्करी कायद्यात तो गुन्हा आहे. रिक्रूटर काहीही म्हणो, सही तुमची असते.

कागदांचं बोलतोच आहे तर सगळंच सांगून टाकतो, कारण कवायतीपेक्षा कागदांनीच जास्त पोरं फसतात.

हायस्कूल डिप्लोमा पूर्ण करा. जीईडीवाल्यांना, म्हणजे डिप्लोमाऐवजी समकक्ष परीक्षा दिलेल्यांना, मरीन कोअर फार थोड्या संख्येने घेतं. नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड हवंच. एच-फोरवरच्या मुलाला भरती होता येत नाही. सतरा वर्षांचा असेल तर आईवडिलांची सही लागते, आणि ही सही म्हणजे तुमच्या हातातलं शेवटचं साधन, ते रागाच्या भरात खर्च करू नका. 'चार वर्षांचा करार' म्हणतात, पण बांधिलकी एकूण आठ वर्षांची असते. उरलेली चार वर्षं तुम्ही राखीव यादीत असता आणि युद्धाच्या वेळी परत बोलावू शकतात. कुठलं काम मिळणार हे तोंडी सांगितलं असेल तर ते नाही असंच समजा. करारात छापलेलं असेल तेवढंच खरं. 'ओपन काँट्रॅक्ट'वर सही केलीत तर ते देतील ते काम. आणि सही केल्यावर, बूट कॅम्पला, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणाला निघायच्या आधीच्या काळात मन बदललं तर बाहेर पडता येतं, अटकबिटक काही होत नाही. ही गोष्ट कुठलाच रिक्रूटर आपणहून सांगत नाही.

एक खास आपल्यासाठी. युद्धकाळात सेवा करणाऱ्याला नागरिकत्वासाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, फीही नाही. मी वर्दीतच नागरिक झालो. पण परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा निवृत्त झालेल्याला भारत सरकार ओसीआय कार्ड, म्हणजे व्हिसाशिवाय भारतात जायची सोय, देत नाही. हे मला आजी गेल्यावर कळलं. आईबाबा ओसीआयवर दुसऱ्या दिवशी विमानात बसले आणि मी व्हिसाची वाट बघत न्यू जर्सीत. दहाव्यालाही पोचलो नाही.

जुलै २००७. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडची पोरं साउथ कॅरोलिनातल्या पॅरिस आयलंडला जातात, पश्चिमेकडची सॅन दिएगोला. बस मुद्दाम रात्री पोचते. रस्त्यावर पिवळ्या रंगाची पावलं रंगवलेली असतात, त्यांवर उभं राहायचं. मग सगळ्यांना भिंतीवरच्या फोनपाशी नेतात. समोर कागद चिकटवलेला असतो, तेवढंच ओरडून वाचायचं: मी सुखरूप पोचलो, खाऊ पाठवू नका, पत्ता नंतर कळवीन. मी ओरडलो, इंग्रजीत. पलीकडून आई म्हणाली, "अरे जेवलास का?" मागे ड्रिल इन्स्ट्रक्टर कानाशी किंचाळत होता. मी कागदावरचं शेवटचं वाक्य वाचलं आणि फोन ठेवला. ती पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिली की माझ्या पोराला तिथे मारत होते. तर आयांनो, रात्री असा फोन आला तर तो सगळ्यांनाच तसाच येतो. पोरगा ठीक असतो, फक्त त्याला उत्तर द्यायची परवानगी नसते.

बूट कॅम्प तेरा आठवड्यांचा. त्यावर इतकं लिहिलं-बोललं जातं की मी आटोपतं घेतो. आमच्या वेळी सुरुवातीच्या चाचणीला दोन पुल-अप, दोन मिनिटांत ४४ क्रंचेस आणि दीड मैल साडेतेरा मिनिटांत, एवढंच लागायचं. मात्र एवढंच करून आलात तर हाल कुत्रा खाणार नाही. पोहायला शिकून जा, आपली पोरं इथेच अडकतात. 'आय' हा शब्द बंद, स्वतःला 'हा रिक्रूट' म्हणायचं. मला त्याचं हसू यायचं, कारण कराडला आमचे एक तालमीतले वस्ताद स्वतःबद्दल असंच बोलायचे. शेवटी ५४ तासांचं क्रूसिबल: तुटपुंजं जेवण, तुटपुंजी झोप, पाठीवर ओझं आणि चाळीसेक मैलांवर चाल. ते संपलं की हातात गरुड, पृथ्वीगोल आणि नांगर यांचं छोटं काळं बोधचिन्ह ठेवतात. मी रडलो. तसे सगळेच रडतात.

माझा स्वभाव तिथे बदलला का? काकांना खरं म्हणजे हेच विचारायचं होतं. नाही बदलला. राग तसाच होता, फक्त त्याला वेळापत्रक मिळालं. पहाटे उठायचं, बूट कुठे ठेवायचे, कुणाशी कसं बोलायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. असल्या चौकटीत मी उत्तम चाललो. चौकट काढल्यावर काय होतं ते पुढे येईलच.

मी पायदळात गेलो. कॅम्प गायगरला प्रशिक्षण, मग कॅम्प लेजूनला सहाव्या मरीन रेजिमेंटची पहिली बटालियन. २००८ मध्ये अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतातल्या गरमसेरला काही दिवसांच्या मोहिमेवर म्हणून गेलो आणि काही महिने राहिलो. आणि १३ फेब्रुवारी २०१० ला त्याच प्रांतातलं मार्जा.

मार्जा म्हणजे वाळवंट असं डोळ्यांसमोर आणू नका. १९५० च्या दशकात अमेरिकेच्याच पैशाने तिथे कालवे काढले गेले. सरळ कालवे, त्यांतून निघालेले पाट, चौकोनी शेतं, मातीच्या उंच भिंतींची घरं. गहू आणि अफू. माझे सोबती 'हा काय चिखल' म्हणून शिव्या देत होते आणि मला मात्र नको इतकं ओळखीचं वाटत होतं. आयईडी, म्हणजे पेरलेले घरगुती बॉम्ब, असायचे ते पायवाटांवर, पुलांच्या तोंडाशी, भिंतीला पडलेल्या खिंडारात, म्हणजे दमलेला माणूस जिथून जाईल तिथे. म्हणून आम्ही पूल सोडून कंबरभर पाण्यातून कालवा ओलांडायचो. फेब्रुवारीतल्या त्या पाण्याने पाय तासभर आपले राहत नसत.

एके दिवशी सकाळी रस्त्याचा दहा-बारा फुटांचा तुकडा ओला दिसला. बाजूच्या पाटाचं दारं फोडून पाणी रस्त्यावर सोडलेलं. पलीकडचा गहू मात्र कोरडा, पाण्याला आलेला. मी पुढच्याला थांबवलं. का थांबवलं ते इंग्रजीत सांगता येईना. आजोबा म्हणायचे, पाण्याची पाळी चुकली तर शेतकरी भावाशी बोलत नाही. तो ते रस्त्यावर कशाला सोडेल? मेटल डिटेक्टर गप्प होता. तरी स्फोटकं निकामी करणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी उकरलं तेव्हा खतापासून बनवलेल्या दारूने भरलेला तेलाचा पिवळा डबा निघाला. दाबपट्टी लाकडाची होती, म्हणून डिटेक्टर वाजला नव्हता. माती पुन्हा बसावी, खणल्याचं दिसू नये म्हणून पाणी सोडलं होतं.

त्याच शेताचा मालक दुपारी भेटला. दुभाषा पश्तूत बोलत होता, पण म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. मग तोडक्यामोडक्या उर्दूत म्हणाला, "तुम हिंदुस्तानी हो?" निर्वासित म्हणून पाकिस्तानातल्या क्वेट्यात वर्षानुवर्षं काढलेले असे बरेच जण तिथे होते. मी हो म्हटलं. "तो यहाँ क्या कर रहे हो?" आवाजात राग नव्हता, एखाद्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला दारं बुजवायला मदत केली आणि आम्ही पुढे गेलो.

पाच दिवसांनी दुसऱ्या वाटेवर मला काही ओळखू आलं नाही. माझ्या पुढच्याचा गुडघ्याखालचा पाय गेला. आमच्या तुकडीत सगळ्यांच्या अंगावर टर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, एकाच ठिकाणी लावायची सक्ती होती, अंधारातही हात तिथेच जावा म्हणून. माझा गेला. पट्टा आवळायची दांडी किती वेळा फिरवली ते आठवत नाही, तो माझ्या नावाने शिव्या देत होता हे आठवतं. तो वाचला. आता दोन मुलं आहेत त्याला, आणि अजूनही फोनवर पहिलं वाक्य शिवीचंच असतं.

परत आल्यावर एक आरोग्याचा फॉर्म भरायचा असतो. झोप लागते का? कानात आवाज येतो का? कुणाला मरताना पाहिलंत का? रांगेत मागून कुणीतरी पुटपुटलं, "हो लिहिलंस तर सुट्टी लांबेल." मी सगळीकडे 'नाही' केलं. रिक्रूटरसमोर खरं लिहिणारा मी, इथे दहा दिवसांच्या सुट्टीसाठी खोटं लिहून मोकळा झालो. चार वर्षांत तपासणीलाही गेलो नाही, कान वाजायचे तरी. आजारी पडणारा म्हणजे कामचुकार, असं पायदळात मानतात.

२०११ मध्ये बाहेर पडलो. जीआय बिलावर, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाच्या सरकारी योजनेवर, रटगर्स विद्यापीठात शिकलो. ३६ महिने फी आणि वर राहण्याचा भत्ता, ही योजना खरोखर चांगली आहे आणि बाबांना तीच पहिल्यांदा पटली. पण चौकट गेली होती. रस्त्यावर ताज्या डांबराचा चौकोन दिसला की माझा पाय आपोआप बाजूला वळायचा. वर्गात दाराकडे पाठ करून बसता येईना. आईशी पुन्हा सोळा वर्षांचा असल्यासारखा वागू लागलो. कानांसाठी भरपाईचा अर्ज केला, तर फायलीत एकाही तपासणीची नोंद नाही. सोबत्यांकडून लेखी साक्षी गोळा करून ते प्रकरण मार्गी लागायला दीड वर्ष गेलं. म्हणून आत असताना गुडघा दुखला तरी दाखवा आणि नोंद झालीय का ते बघा. बाहेर पडल्यावर वर्षाच्या आत अर्ज करा. सेवामुक्तीचा डीडी-२१४ हा कागद पासपोर्टसारखा जपा. त्यावर 'ऑनरेबल', म्हणजे सन्मानाने सोडलं, असं आहे की नाही, यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

युद्धावर गेलेल्यांसाठी व्हेट सेंटर नावाची छोटी केंद्रं असतात, दवाखान्यापासून वेगळी, मोफत. घरच्यांनाही येता येतं. फारच कठीण वेळ आली तर ९८८ फिरवून १ दाबायचा. मला आईने नेलं. तिला तोवर नोकरी लागली होती. अर्धा दिवस रजा टाकून ती गाडीत बसून राहिली, आत आली नाही. टेबलापलीकडच्या माणसाने फॉर्म दिला. तेच प्रश्न, जवळजवळ त्याच क्रमाने. झोप लागते का? कानात आवाज येतो का?

भरायला वीस मिनिटं लागली. त्याने वाचून काही भाष्य केलं नाही, दर मंगळवारी चार वाजता जमेल का एवढंच विचारलं. मी खाली आलो. आईने डबा उघडून ठेवला होता.