किलिमांजारोची तयारी: आधी दिवस ठरवा, मग बूट घ्या

टांझानियातल्या किलिमांजारोचं उहुरू शिखर ५,८९५ मीटरवर आहे. मोशी गावातून निघणाऱ्या नेहमीच्या वाटांवर दोर लागत नाही, कातळ चढायचं शिक्षणही लागत नाही. माणसं अर्ध्यातून परततात ती विरळ हवेमुळे, आणि त्यामागे बहुधा घाई असते. म्हणून पहिला निर्णय दिवसांचा.

१. मार्ग आणि दिवस

१९९१ पासून इथे गाइडशिवाय चढता येत नाही, त्यामुळे कंपनी निवडावीच लागते. पाच दिवसांचा मारंगू मार्ग स्वस्त पडतो, पण त्याचा हिशेब बघा: पहिला मुक्काम २,७२० मीटर, दुसरा ३,७२०, तिसरा ४,७२० आणि त्याच मध्यरात्री शिखराची चढाई. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरनेच वाढावी असं वैद्यकशास्त्र सांगतं. इथे ती दुपटीने वाढते. मचामे सात दिवसांत किंवा लेमोशो आठ दिवसांत करा. या वाटांवर लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे सुमारे ४,६०० मीटर चढून बरांको कॅम्पला जवळपास ३,९५० वर झोपायला उतरतात. शरीर हवेला सरावतं ते अशाच चढउताराने. मारंगूच घ्यायचा असेल, तर होरोंबोला, म्हणजे दुसऱ्या मुक्कामावर, एक जादा रात्र मागून घ्या. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, हा दिवस कापू नका.

जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जूनअखेर ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. एप्रिल-मे टाळा.

कंपनीला दोन प्रश्न नक्की विचारा: गाइडकडे ऑक्सिजन आणि पल्स ऑक्सिमीटर असतो का? हमालांचं ओझं वजन करून दिलं जातं का? तुमच्या सामानाची मर्यादा बहुतेक कंपन्या १५ किलो ठेवतात. बॅग मऊ हवी, चाकांची नको.

२. पायांची तयारी, तीन महिने आधी

मचामे-लेमोशोवर शिखराच्या दिवशी बराफू या शेवटच्या तळावरून सुमारे १,२०० मीटर चढ आणि नंतर म्वेका कॅम्पपर्यंत जवळपास २,८०० मीटर उतार असतो. गुडघे बोलतात ते उतारावर. पुण्याजवळ राहणाऱ्यांनी पाठीवर सहा-सात किलो घेऊन आतकरवाडीतून सिंहगड करावा, पुढे एका दिवसात दोनदा, मग शनिवार-रविवार सलग. उतरताना धावू नका. सह्याद्री पाय तयार करतो, पण विरळ हवेचा सराव देत नाही. कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे. उलट गड झपाझप चढणारेच तिथे वेगाने चालून डोकं धरून बसतात. गाइड ‘पोले पोले’ म्हणतात, म्हणजे हळूहळू. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग ठेवा.

३. डॉक्टर आणि कागद, दोन महिने आधी

नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. मोशीच्या परिसरात मलेरिया आहे, त्याच्या गोळ्यांबद्दल विचारा. विरळ हवेचा त्रास कमी करणारी डायमॉक्स गोळी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. विम्यात ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि सुटका लिहिलेली आहे का, ते वाचून घ्या.

४. सामान

बूट किमान पन्नास किलोमीटर चालून पायाला बसवलेले हवेत. ते विमानात पायातच घाला, कारण हरवलेल्या बॅगेतलं जॅकेट भाड्याने मिळतं, तुमच्या पायाला बसलेले बूट मिळत नाहीत. शिखराच्या रात्री पारा उणे १० ते उणे २० पर्यंत उतरतो. त्यासाठी लोकरीचा आतला थर, फ्लीस, जाड डाऊन (पिसं भरलेलं) जॅकेट, वारारोधक कवच, दोन थरांचे हातमोजे. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवा. घामाने भिजले की वाळत नाहीत आणि थंडी हाडांत शिरते.

पाण्याच्या पिशवीची नळी त्या रात्री गोठते. रुंद तोंडाची बाटली मोज्यात गुंडाळून उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, झाकण मोकळं राहतं. हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या अंगाशी ठेवा, थंडीत त्या लवकर उतरतात. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्यांना डोंगरावर बंदी आहे.

४,००० मीटरनंतर भूक मरते. शाकाहार आधीच कळवा आणि शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मेतकूट, लिंबाचं लोणचं सोबत न्या. पाणी रोज तीन ते चार लिटर.

५. लक्षणं लपवू नका

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे विरळ हवेचं सौम्य दुखणं. त्या दिवशी आणखी वर जाऊ नका. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालताना तोल गेला, बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली, रात्र असली तरी. गाइडने ‘परत’ म्हटलं की वाद घालू नका.

६. उताराचं

निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर बुटाला आपटून काळी पडतात. शिखराजवळच्या स्टेला पॉइंटखालच्या भुसभुशीत वाळूसाठी गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) घाला, काठ्या थोड्या लांब करा आणि टाच रोवत उतरा.