अँड्रॉइड की आयफोन? दुकानात जायच्या आधी घरीच ठरवा

ठाण्यात गोखले रोडला मोबाईलच्या दुकानात शिरलात की पहिला प्रश्न येतो "बजेट किती?" आणि तिथेच सगळं चुकायला लागतं, कारण बजेटवरून मॉडेल ठरतं, सिस्टीम कोणती आपल्या हाताला बसेल ते नाही ठरत. आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत दिवाळीचे सेल लागायच्या आधी अँड्रॉइड घेऊ की आयफोन हे विचारणारं कोणी ना कोणी भेटतंच, आणि मी प्रत्येकाला आधी हेच विचारते की फोन अडला तर तुम्ही कोणाला विचारणार? मुलगी, भाचा, शेजारचा मुलगा, जो कोणी असेल, त्याच्या हातात जी सिस्टीम आहे ती घ्या. कॅमेरा, रॅम, रंग हे सगळं त्यानंतर बघा.

हे मी एवढं ठासून सांगते कारण माणसाला एखादी सिस्टीम आवडते ती बहुतेक वेळा हाताला सवय झाली म्हणूनच. अँड्रॉइडवर मागे जायला खाली बटण असतं, किंवा मग डाव्या-उजव्या कुठल्याही कडेवरून बोट आत ओढलं की झालं. आयफोनवर ते बटण नाहीच, डाव्या कडेवरून ओढायचं, नाहीतर वर डाव्या कोपऱ्यातल्या बाणाला हात पोचवायचा. शेजारच्या काकूंना मुलाने हौसेने आयफोन दिला तेव्हा त्या प्रत्येक ॲपमध्ये आत जायच्या आणि खालच्या कडेला अंगठा टेकवून थांबायच्या, बटण शोधत. मुलगा पुण्याला, घरात बाकी सगळ्यांचे अँड्रॉइड, मग विचारणार कोणाला? त्याच काकूंच्या भावाला आयफोन सोडवत नाही, कारण त्यांच्या घरात सगळ्यांकडे तोच आहे, फोटो एअरड्रॉपने, म्हणजे ॲपलच्या एका फोनवरून दुसऱ्यावर थेट पाठवायच्या सोयीने, इकडून तिकडे जातात, काही अडलं तर सून शेजारच्या खोलीत. फोन दोन्ही चांगलेच होते हो.

थोडं मूळ समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. आयफोन २००७ ला आला, पहिला अँड्रॉइड फोन २००८ ला. ॲपल फोनही स्वतः बनवते आणि आतली सिस्टीमही, ती दुसऱ्या कोणाला देत नाही, त्यामुळे एक आयफोन वापरता आला की दुसरा येतोच. गूगलने अँड्रॉइड बाकी कंपन्यांना वापरायला दिलं, म्हणून दहा हजाराच्या आसपासच्या फोनपासून लाखाच्या वरच्या फोनपर्यंत सगळीकडे तेच, पण प्रत्येक कंपनी त्यावर आपली रंगरंगोटी करते, सेटिंग्जची नावं बदलते, जागा बदलते. म्हणून अँड्रॉइड घेणार असाल तर शक्यतो कंपनीसुद्धा तुमच्या मदतनीसाचीच घ्या, नाहीतर फोनवरून "आता बॅटरीत जा" सांगणारा माणूस आणि ऐकणारा माणूस दोघेही वैतागतात.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून ठरवणार असाल तर जरा थांबा. तिकडे निळ्या आणि हिरव्या मेसेजवरून लोक आयफोनला चिकटतात, कारण तिथे बरेच जण ॲपलच्या स्वतःच्या मेसेज सेवेवर, आयमेसेजवर बोलतात आणि अँड्रॉइडवाल्याचा मेसेज हिरवा दिसतो. आपल्याकडे शाळेचा ग्रुप, भिशी, दूधवाला, गणपतीची वर्गणी सगळं व्हॉट्सॲपवर, आणि ते दोन्हीकडे सारखंच चालतं. यूपीआय, डिजिलॉकर, लोकलचं तिकीट काढायचं रेल्वेचं ॲप, हेही दोन्हीकडे आहे. त्यामुळे हे मुद्दे सरळ बाजूला ठेवा.

आता आपल्या दिवसात फोन कुठे कुठे लागतो ते आठवा, तिथे खरा फरक दिसेल. सोसायटीच्या गेटचं ॲप घ्या. डिलिव्हरीवाला खाली उभा, वॉचमन ॲपवरून विचारतोय आणि तुमचा फोन गप्प, हे बऱ्याच अँड्रॉइड फोनवर होतं कारण कंपनी बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद करून टाकते. उपाय आहे, सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, मग बॅटरी, तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, आणि तुमच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' असेल तर तेही चालू करा. आयफोनवर या भानगडीत पडावं लागत नाही, ॲपला नोटिफिकेशनची परवानगी दिली की बहुतेक वेळा काम झालं. उलट आयफोनवाल्यांचं अडतं ते सरकारी फॉर्म भरताना, फोटो अपलोडच होत नाही, कारण आयफोन मुळात फोटो वेगळ्या फॉरमॅटमध्ये साठवतो आणि साइटला जेपीजी लागतं. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडून टाका, पुढचे फोटो जेपीजी येतील.

वयस्कर माणसांसाठी घेत असाल तर एक गोष्ट फार गांभीर्याने बघा. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल येते, ती दाबून परवानगी दिली की ॲप बसतं, ते एसेमेस वाचतं, ओटीपी बाहेर जातो आणि खातं साफ. ती फाइल आयफोनवर चालतच नाही. एवढ्या एका कारणासाठी कोणी आईबाबांना आयफोन दिला तर मला ते पूर्ण पटतं, फक्त मदतनीस आयफोनवाला हवा. अँड्रॉइड देणार असाल तर हातात द्यायच्या आधी सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा, तिथे व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्सची परवानगी बंद आहे ना बघा, आणि प्ले स्टोअरमध्ये धोकादायक ॲप तपासणारं प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा. आणि फोन करून गोड बोलून ओटीपी काढणाऱ्यापुढे कुठलीच सिस्टीम वाचवत नाही, ते त्यांना बसवून समजावून सांगा.

ट्रान्सहार्बर लोकलने रोज ऐरोली-घणसोलीला आयटीत जाणाऱ्यांनी आधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा की स्वतःच्या फोनवर कंपनीचं मेल कसं बसवतात. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल असेल तर ऑफिसची ॲप वेगळ्या कप्प्यात येतात, आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसते, संध्याकाळी गाडीत बसलं की एक बटण दाबून सगळी एकदम झोपवता येतात. मला ही सोय मनापासून आवडते. आयफोनवर कामाचे मेसेज लपवायला फोकस आहे, चालतं, पण एवढा सरळ वेगळा कप्पा नाही.

पैशाचं बोलायचं तर फोन किती वर्षं अपडेट घेणार हे किमतीइतकंच महत्त्वाचं. २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ चं आयओएस २६, म्हणजे आयफोनच्या सिस्टीमचं अपडेट, मिळालं. अँड्रॉइडमध्ये गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२४ पासून त्या महागड्या फोनना ७ वर्षांचं वचन आहे, पण स्वस्त फोनमध्ये ते बरंच कमी असतं, म्हणून मॉडेलचं नाव घेऊन कंपनीच्या साइटवर बघा, सेल्समनच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. जुन्या सिस्टीमवर एक दिवस बँकेचं ॲप उघडायचं बंद होतं. व्हॉट्सॲपनेही मे २०२५ पासून आयफोन ६ सारखे फोन सोडले.

सेकंडहँड आयफोन घेऊन बघू असा विचार असेल तर वाईट नाही, पण दुकानात उभं राहून सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ, म्हणजे बॅटरीची ताकद किती उरली ते बघा, ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च धरून भाव करा. फोन पूर्ण रिसेट करून तुमच्यासमोर नव्याने सुरू करायला लावा, आधीच्या मालकाचा ॲपल आयडी (आता त्याला ॲपल अकाउंट म्हणतात) मागितला तर पैसे न देता निघा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक घ्या आणि इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ ला एसेमेस करा, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळेल. हे अँड्रॉइडलाही लागू.

दुकानात गेल्यावर डेमो फोन हातात घ्या आणि रोजचं काम करून बघा, म्हणजे मराठीत चार ओळी टाइप करा, मराठीत बोलून टाइप करा, अक्षरं मोठी करा, एका हाताने मागे जा. हे करताना कुठे चिडचिड होते ते लक्षात ठेवा. रील कशी दिसते ते काय कुठल्याही फोनवर छानच दिसते.

सिस्टीम बदलायचीच ठरली तर घाई नको. अँड्रॉइडवरून आयफोनवर येताना जुन्या फोनवर ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप टाका, दोन्ही फोन चार्जिंगला, दोन्ही एकाच वायफायवर, आणि व्हॉट्सॲपच्या चॅट हव्या असतील तर हे नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच करा, नंतर आठवलं तर आयफोन पुन्हा रिसेट करायला लागतो. विकत घेतलेली ॲप तिकडे येत नाहीत. जुना फोन लगेच एक्स्चेंजला देऊ नका, सगळ्या चॅट, फोटो, कॉन्टॅक्ट नीट आलेत हे बघेपर्यंत ठेवा. यूपीआय नव्या फोनवर लावताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एसेमेस जातो, तेव्हा दोन सिम असतील तर बरोबर ते निवडा आणि त्यावर रिचार्ज असू द्या. बऱ्याच बँका नव्या फोनवर सुरुवातीला रकमेची मर्यादा कमी ठेवतात, त्यामुळे शाळेची फी किंवा घरभाडं भरायच्या दिवशी हे काम काढू नका, शनिवारी सकाळी निवांत करा.