‘कमी कॅरेटचं रोझ गोल्ड टणकच असतं’ म्हणून बिनधास्त वापरता? या चुका टाळा

नऊ किंवा दहा कॅरेटची गुलाबी अंगठी दुरुस्तीला आली की तिच्याबरोबर एक वाक्य हमखास येतं: “पण हे तर कडक सोनं ना?” हो, कडक आहे. शुद्ध सोन्याच्या कित्येक पट कडक आहे. पट्टी सहज वाकत नाही, ओरखडे कमी पडतात, रोजच्या धसमुसळ्या वापराला बरी. पण कडक असणं वेगळं आणि रसायनांपुढे टिकणं वेगळं. शुद्ध सोन्याच्या मानाने कॅरेट उतरलं की पहिलं वाढतं आणि दुसरं घटतं. लोक फक्त पहिलंच ऐकून जातात.

थोडा हिशेब करू. ३७५ चा शिक्का म्हणजे वजनाने ३७.५ टक्के सोनं, म्हणजेच ९ कॅरेट. सोन्याचा अणू तांब्याच्या अणूच्या तिप्पट जड असतो. त्यामुळे वजनाऐवजी अणू मोजले, तर ९ कॅरेटच्या रोझ गोल्डमध्ये पाचांत एकही धड सोन्याचा भरत नाही. १४ कॅरेटमध्ये साधारण तीनांत एक, १८ कॅरेटमध्ये जवळपास निम्मे. उरलेलं सगळं हीण: बहुतेक तांबं, थोडी चांदी. गुलाबी रंग तांब्याचा, आणि खोडीही त्याच्याच.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो अंगठी घालून पोहणाऱ्यांवर. एक बाई ९ कॅरेटची खड्याची अंगठी घेऊन आल्या होत्या. खडा धरून ठेवणाऱ्या चारपैकी एक प्रॉन्ग (धातूची नखी) गायब, खडा डगमगतोय. त्या रोज क्लोरीनच्या तलावात पोहायच्या, अंगठीसकट, कारण विकणाऱ्याने सांगितलं होतं की कमी कॅरेटला काही होत नाही. त्याआधी दुसरा एक प्रॉन्ग तुटला होता आणि कोणीतरी तासाभरात झाळ (जोडायला वितळवलेला धातू) देऊन तो जोडून दिला होता. त्यांनाही माझ्याकडून तेवढंच हवं होतं: तासाभरात काम, थांबायची तयारी नाही. भिंगाखाली पाहिलं तर उरलेल्या प्रॉन्गांच्या बुडाशीही बारीक तडे. झीज नाही, ओरखडा नाही, वरून सगळं चकचकीत. चिमट्याने जरा दाबलं आणि आणखी एक कट्‌कन तुटला. सोनं वाकायला हवं होतं, ते बिस्किटासारखं मोडलं.

होतं काय, तर क्लोरीन मिश्रणातल्या तांब्या-चांदीला खातं आणि धातूच्या कणांच्या सीमांवरून आत शिरतं. जिथे धातूत ताण कोंडलेला असतो तिथे मग तडा जातो. प्रॉन्ग खड्यावर वाकवून बसवलेला असतो, म्हणजे ताण आलाच. साखळीच्या हुकातली स्प्रिंगही तशीच. गरम पाण्याच्या टबात हे आणखी लवकर होतं आणि घरगुती ब्लीचमध्ये तर विचारूच नका. अशा तड्यावर झाळ दिली की ती वरच्यावर पसरते, आतली चीर तशीच राहते. मी त्या बाईंना जोडकाम करून दिलं नाही. खड्याचं घर कापून काढलं आणि १८ कॅरेटचं नवीन बसवलं. त्या नाराज होऊन गेल्या. जाऊ देत. खडा अजून जागेवर आहे.

पोहण्याआधी आणि फरशी पुसण्याआधी अंगठी काढून ठेवा, याला पर्याय नाही. मी खड्याची प्रत्येक अंगठी कानाजवळ नेऊन बोटाने टकटक करतो. खडा ढिला असेल तर बारीक आवाज येतो. महिन्यातून एकदा हे तुम्हालाही जमेल.

दुसरी चूक घरी गॅसची टॉर्च घेऊन दागिने जोडायला बसलेल्या हौशी मंडळींची. पिवळ्या सोन्याची सवय रोझ गोल्डला लावतात: तापवलं, झाळलं, विटेवर ठेवलं आणि चहा प्यायला गेले. साधारण ४०० अंशांखाली सावकाश थंड होताना सोन्या-तांब्याचे अणू ठरावीक क्रमाने रांगेत बसतात, धातू कडक आणि ठिसूळ होतो आणि पुढच्या ठोक्याला पट्टी चिरते. जास्त तांबं आणि कमी चांदी असलेल्या मिश्रणात हे ठळक दिसतं. म्हणून तापलेल्या धातूची लाली विझली की लगेच पाण्यात बुडवायचं. मात्र खडा बसवलेला असताना हे करू नका, खडा तडकेल. आधी खडा काढायचा कंटाळा येत असेल, तर तापवायलाच घेऊ नका.

आता काळं पडण्याबद्दल. ९ कॅरेट घामाने आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडतं. लगेच “फसवलं, नकली निघालं” अशी बोंब मारायचं कारण नाही, तांबं तसंच वागतं. बोटावर हिरवा डाग पडला तर तोही तांब्याच्या क्षारांचा, धुतला की जातो. खाज आणि पुरळ उठत असेल तर मात्र निकेलचा संशय घ्या, मिश्रणात काय आहे ते विचारा.

टूथपेस्ट लावू नका, तिने बारीक ओरखडे पडतात. चांदी चमकवायच्या द्रावात बुडवू नका, रंग डागाळू शकतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, मग पूर्ण कोरडं करून वेगळ्या बंद पिशवीत. बस. दर वेळी मशीनवर पॉलिशचा हट्ट धरू नका, प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू जातोच.

२२ कॅरेटच्या अंगठीला खेटून १४ कॅरेटची घालू नका. मऊ अंगठी झिजते आणि लोक दोष कडक अंगठीच्या रंगाला देतात.

माप वाढवून घेताना झाळ गुलाबीच आहे ना, ते आधी विचारा. पिवळ्या झाळेची रेघ पॉलिशनंतरही दिसते. आणि मुलामा दिलेल्या दागिन्याला रोझ गोल्ड समजू नका. अस्सल रोझ गोल्ड झिजलं तरी आतून गुलाबीच निघतं. मुलामा गेला की खालची चांदी किंवा पितळ डोकावतं, आणि मग कितीही घासा, रंग परत येत नाही.