पीजीची ब्रांच बदलून जोडीदाराच्या गावी यायचं असेल तर : सोलापुरातून सांगते

पीजी, म्हणजे डॉक्टरकीचं पदव्युत्तर शिक्षण, चालू असताना एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बदली मिळत नाही. हे आधी पक्कं समजून घ्या, कारण मला येणाऱ्या बहुतेक फोनची सुरुवात इथूनच होते. "मॅडम, म्युच्युअल (अदलाबदलीने) बदली होईल का? लग्नाचं सर्टिफिकेट जोडलं तर? नवरा सरकारी नोकरीत आहे, त्या आधारावर?" यातलं काहीच चालत नाही. एमबीबीएसला मायग्रेशन (कॉलेज बदलणं) होतं असं आपण ऐकलेलं असतं, म्हणून आशा वाटते. पीजीला तसा रस्ता नाही. ब्रांच बदलायची असो की गाव, जुनी सीट रीतसर सोडायची, नव्या वर्षाच्या काउन्सेलिंगमध्ये (प्रवेशफेऱ्यांमध्ये) नव्याने सीट घ्यायची आणि पहिल्या दिवसापासून तीन वर्षं पुन्हा करायची. स्त्रीरोगात काढलेलं वर्ष भूलशास्त्रात धरलं जात नाही.

मी स्त्रीरोगाची जेआर वन (पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट) होते, विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात. नवऱ्याचा टॉवेलचा कारखाना इथे अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. माग, कामगार, उधारीवर सूत देणारे व्यापारी, हे सगळं उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही, त्यामुळे दोघांपैकी कोणी हलायचं यावर आमच्याकडे वाद झाला नाही. वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर, आणि तुम्हीही पहिला विचार तिथेच करावा असं मला मनापासून वाटतं.

ब्रांच नकोशी झाली आहे की गाव? थकलेल्या माणसाला दोन्ही एकच वाटतं. सलग इमर्जन्सी करून पोस्ट-ड्युटीला खोलीवर आल्यावर जो निर्णय सुचतो, तो लिहून ठेवा, पण त्यावर सही करू नका. सुट्टीतल्या एखाद्या शांत दिवशी दोन प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर घ्या. पहिला : जोडीदार उद्या इथेच राहायला आला, तर मला हीच ब्रांच करायला आवडेल का? दुसरा : हीच ब्रांच, हाच भार, हेच युनिट जोडीदाराच्या गावात असतं, तर मी थांबले असते का? पहिल्याचं उत्तर "हो" असेल, तर ब्रांच सोडू नका, फक्त अंतराचा उपाय शोधा. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर खरा प्रश्न ब्रांचचा आहे आणि नवऱ्याजवळ आल्याने तो सुटणार नाही. माझी उत्तरं स्पष्ट होती. लेबर रूममध्ये उभी असताना माझं लक्ष टेबलाच्या डोक्याकडच्या, म्हणजे भूलतज्ज्ञ उभे असतात त्या बाजूला असायचं : एपिड्युरल (पाठीतून भूल) कसं देतायत, प्रेशर पडलं तर काय करतायत. तो ओढा नवऱ्याच्या गावाशी संबंधित नव्हता, म्हणूनच मी सीट सोडायचं धाडस केलं.

तिसरा प्रश्न वरवर छोटा आहे, पण पुढची तीस वर्षं तो पुरतो. नवी ब्रांच त्या गावात जगवेल का? सोलापुरात भूलतज्ज्ञ एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात केसला जातात, स्वतःचं हॉस्पिटल काढावं लागत नाही. काही सुपरस्पेशालिटी अशा आहेत की शिकून झाल्यावर पुण्या-हैदराबादशिवाय काम मिळणार नाही, आणि मग अंतर परत आहेच. जोडीदाराच्या गावातल्या दोन-तीन प्रॅक्टिस करणाऱ्यांना भेटून हे आधीच विचारा. लोक मोकळेपणाने सांगतात.

तुम्ही कितव्या वर्षात आहात?

तिसऱ्या वर्षात असाल तर कृपया सोडू नका. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी असाल तरी मी हेच म्हणेन. परीक्षा द्या, डिग्री हातात घ्या. सरकारी कॉलेजातून पीजी केल्यावर महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित (बॉण्डची) सेवा असते. ती करताना आपल्या जिल्ह्यातली जागा मागता येते : सिव्हिल, किंवा पंढरपूरसारखं उपजिल्हा रुग्णालय. मिळेलच असं नाही, पण मागायची सोय आहे. त्याआधी तीन महिन्यांचा डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम (जिल्ह्याच्या रुग्णालयात काम) येतो, तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरच्या दरम्यान. जोडीदाराचा जिल्हा मिळू शकतो का, हे विभागातल्या कोऑर्डिनेटरला यादी निघण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं.

तोवर पुण्यात असाल तर हुतात्मा एक्स्प्रेस आणि मुंबईत असाल तर रात्रीची सिद्धेश्वर यांच्यावर संसार चालतो. 2023 पासून वंदे भारतही आहे. माझ्या ओळखीची कितीतरी जोडपी अशीच टिकली आहेत.

काउन्सेलिंग अजून चालू असेल, तर ही सगळ्यात स्वस्त वेळ आहे. केंद्राच्या एमसीसीकडे (मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडे) सरकारी कॉलेजांतल्या 50 टक्के जागा असतात, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलकडे (प्रवेश परीक्षा कक्षाकडे). पहिल्या फेरीत फ्री एग्झिट असते, म्हणजे काही न गमावता सीट सोडता येते, पुढच्या फेऱ्यांत अनामत रक्कम जाते आणि शेवटी शेवटी दारं बंद होत जातात. राज्याच्या फेरीत सीट मिळाली आणि घाईत स्टेटस रिटेन्शन फॉर्म (हीच सीट ठेवतो, असं कळवणारा) भरून दिला, की पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. गाव बदलायचं मनात असेल तर तो फॉर्म भरण्यापूर्वी घरी फोन करा.

पहिल्या वर्षात असाल आणि फेऱ्या संपल्या असतील, तर आता बॉण्डचा विषय.

सीट लीव्हिंग बॉण्ड

मध्येच सीट सोडली तर दंड भरीन, असं लिहून देऊन अॅडमिशनच्या दिवशी स्टॅम्प पेपरवर सही केली होती, तो हाच कागद. त्याची प्रत घरी शोधा आणि पूर्ण वाचा. रक्कम राज्याराज्यांत वेगळी आहे, घेतलेला स्टायपेंड परत मागण्याची अटही काही ठिकाणी असते, आणि काही ठिकाणी पुढच्या प्रवेशावर बंदी येते. शेवटच्या तारखेनंतर सोडलेली सीट त्या वर्षी कोणालाच मिळत नाही आणि युनिटला पुढची तीन वर्षं एक माणूस कमी पडतो, म्हणून हा दंड आला. रेसिडेंट्सचा मानसिक ताण आणि आत्महत्या पाहून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी 2024 मध्ये राज्यांना ही बॉण्डची पद्धत बंद करण्याचं सुचवलं. पण सूचनेवर विसंबून राजीनामा देऊ नका. तुमच्या वर्षाच्या राज्याच्या माहितीपुस्तिकेत काय छापलं आहे, तेच कॉलेज लावणार.

डीएनबीचा (राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पीजी पदवीचा) हिशेब आणखी कडक आहे. डीएनबीची सीट मध्येच सोडली, तर त्या कोर्सची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या डीएनबीला घेत नाहीत. तुमच्या हातात डीएनबी असेल तर हे वाचल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

क्रम असा ठेवा. आधी त्या वर्षीच्या नीट पीजीची (पीजीच्या प्रवेश परीक्षेची) माहितीपुस्तिका आणि एमसीसी-सीईटी सेलचे पात्रतेचे नियम वाचा : सीटवर असताना परीक्षेला बसता येतं का, राजीनामा कोणत्या तारखेआधीचा लागतो. एमबीबीएस महाराष्ट्राबाहेर झालं असेल तर राज्य कोट्याची पात्रता वेगळी तपासा. 29 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने पीजीमधलं निव्वळ रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, संस्थात्मक प्राधान्य (तिथेच एमबीबीएस केलेल्यांना) मात्र चालतं. मग मागच्या वर्षांचे कट-ऑफ काढा. "सोलापूर, भूलशास्त्र, माझा प्रवर्ग" असं नेमकं बघा, कारण एका गावावर अडून बसायचं तर तिथल्या दोन-तीन ब्रांच तरी मनाला चालल्या पाहिजेत. त्यानंतर पैशांचा कागद, जोडीदाराबरोबर बसून : दंड, बिनपगारी महिने, नवी फी. आणि शेवटी राजीनामा.

नीट पीजीच्या अभ्यासाचं थोडक्यात. 200 प्रश्न, 800 गुण, साडेतीन तास, आणि 2024 पासून 40-40 प्रश्नांचे वेळ बांधलेले भाग. मागच्या भागात परत जाता येत नाही, म्हणून सराव तसाच घड्याळ लावून करा.

एचओडींशी (विभागप्रमुखांशी) बोलणं

अफवा पोचण्याआधी तुम्ही पोचा. ओपीडी संपल्यावर वेळ मागून जा, दारातच उभं राहून सांगू नका. कारण दोन वाक्यांत सांगा. युनिटची, सिनियरची, जेवणाची, खोलीची तक्रार त्यात मिसळू नका. अर्जातही तेच : "मला वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव हा अभ्यासक्रम पुढे चालू ठेवणे शक्य नाही. नियमानुसार देय असलेली रक्कम भरण्यास मी तयार आहे. कृपया मला कार्यमुक्त करून माझी मूळ कागदपत्रे परत मिळावीत, ही विनंती." अर्ज विभागप्रमुखांमार्फत अधिष्ठात्यांना. आवक क्रमांक टाकलेली प्रत स्वतःकडे ठेवा. मग लायब्ररी, हॉस्टेल, मेस, स्टोअर, अकाउंट्स असं नो ड्यूजचं फिरणं. स्टुडंट सेक्शनमधल्या क्लार्क मंडळींशी नीट वागा. मूळ कागदांची फाइल कोणत्या कपाटात आहे हे त्यांनाच माहीत असतं, आणि मूळ कागद हातात आल्याशिवाय नव्या कॉलेजात रिपोर्टिंग होत नाही.

छळ होत असेल म्हणून सोडत असाल, तर हा अर्ज लिहिण्याआधी थांबा. अँटी रॅगिंग कमिटीकडे लेखी द्या, 1800-180-5522 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, घरी सांगा. गप्प राहून दंड भरून निघून जाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

शेवटच्या दिवसापर्यंत ड्युटी करा. पेशंट नावानिशी हँडओव्हर करा, केसपेपर पूर्ण करा. प्रबंधाचा सिनॉप्सिस (आराखडा) गेला असेल तर गाईडना भेटून सांगा.

सोलापूर निवडताना

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 चं आहे. सिव्हिलला धाराशिव, लातूरपासून विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे पेशंट येतात, त्यामुळे काम भरपूर आणि शिकायलाही भरपूर. चॉइस भरण्याआधी एक दिवस येऊन विभागातल्या जेआर टूंशी चहावर बोला : केसेस किती हाताने करायला मिळतात, रात्री सिनियर टेबलाशी असतो का. भाषेची तयारी ठेवा. ऑपरेशनआधी पेशंट उपाशी आहे का हे विचारायला इथे मराठीइतकीच कन्नड आणि तेलुगू लागते. मी "ऊटा माडीरेन्री?" (जेवलात का?) पहिल्या आठवड्यात शिकले. ते विचारता आलं नाही, तर भूल देणं धोक्याचं.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की गावात आलात म्हणजे घरी आलात असं नाही. पहिलं वर्ष हॉस्टेलवरच जातं. आमच्याकडे सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. मग त्या रविवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन सिव्हिलच्या गेटशी यायला लागल्या. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यात (यात्रेत) सगळं शहर रस्त्यावर असतं, नातेवाईक घरी येतात, आणि तुमची नेमकी त्याच दिवशी इमर्जन्सी असणार. नवऱ्याने हे पाहुण्यांना सांगायचं, तुम्ही नाही. हे काम त्याच्याकडे आधीच सोपवा. तुम्ही एक वर्ष आणि मोठी रक्कम टाकून आला आहात, तर त्याच्याही बाजूने काहीतरी ठरलेलं असायला हवं : डबा कोण आणणार, परीक्षेच्या महिन्यात लग्नकार्यांना एकटं कोण जाणार, पुढे मूल कधी. आम्ही हे जॉइन होण्याआधी बोललो होतो, म्हणून नंतर चिडचिड कमी झाली.

रिपोर्टिंगला येताना कार्यमुक्तीचा आदेश, दंड भरल्याची पावती, नो ड्यूज आणि जुन्या प्रवेशाचं रद्द झाल्याचं पत्र, यांच्या प्रत्येकी तीन-चार प्रती आणा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पात्रतेच्या फॉर्ममध्ये आधीचा प्रवेश लपवू नका. तो त्यांच्या नोंदीत असतोच, आणि सगळं जोडलेलं असलं तर पुढे परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कोणी अडवत नाही.