करडईवरील मावा : आधी बांधाकडच्या ओळी पाहा

आभाळ भरून आले आहे आणि थंडीही टिकून आहे. अशा हवेत करडई उत्पादकांनी बाकीची कामे बाजूला ठेवून आजच शेताच्या कडेने फेरी मारावी. मावा ही रस शोषणारी बारीक कीड आधी बांधालगतच्या झाडांच्या शेंड्यांवर बसते. मधले पीक हिरवेगार दिसते म्हणून शेतकरी रस्त्यावरूनच परततो, आणि मी पाहिलेली बहुतेक शेते या न पाहण्यानेच गेली.

चार दिवसांची हयगय महाग पडते, कारण माव्याची मादी नराविना थेट पिले देते आणि त्या पिलांच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ जन्माआधीच वाढू लागलेले असतात. एवढी वीण नुसत्या झाडाच्या रसावर होत नाही. रसात साखर भरपूर, पण आवश्यक अमिनो आम्ले तुटपुंजी असतात. ती उणीव माव्याच्या शरीरातील खास पेशींत राहणारा बुक्नेरा नावाचा जिवाणू भरून काढतो आणि आईच्या पोटातच तो गर्भात उतरतो. प्रयोगशाळेत प्रतिजैविक देऊन हा जिवाणू मारला, की मावा खुरटतो व जवळजवळ वांझ होतो.

मात्र एवढ्यावरून कोणी दुकानदार ‘प्रतिजैविक फवारा’ म्हणाला, तर पुडी तिथेच ठेवावी. प्रयोगशाळेत ते औषध टोचून किंवा अन्नातून देतात. शेतात माव्यासाठी त्याची शिफारस नाही, आणि स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या शेतीतील वापरावर २०२४ पासून बंदी आहे. महागड्या टॉनिकचीही गरज नाही. जादा युरियाने कोवळी लुसलुशीत वाढ होते आणि ती माव्याच्याच पथ्यावर पडते.

कडेला मावा दिसताच शेताच्या सभोवतीच्या सुमारे दोन मीटर पट्ट्यावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. तरीही मावा आत सरकत असल्यास डायमेथोएट ३० टक्के हे कीटकनाशक १३ मिली प्रति १० लिटर पाण्यातून फवारावे. शेंड्यांवर मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्या बऱ्यापैकी असतील, तर मी स्वतः दोन दिवस थांबतो. हा अनुभवाचा अदमास आहे, शिफारस नव्हे.

इतर कामे : विरळणी, कोळपणी, भेगा पडण्यापूर्वी हलके पाणी.

माव्याने सोडलेल्या चिकट्यावर (गोडसर चिकट द्रवावर) काजळी चढून पाने काळी पडेपर्यंत थांबू नये. तोवर काटेही टणक झालेले असतात आणि पंप पाठीवर घेऊन पिकात शिरणे अवघड होते.